संख्याशास्त्राचें सॉफ्टवेअर : पुढचें पाऊल कोणीकडे?

बारावीचा निकाल लागला म्हणजे 'पुढें काय?' हा प्रश्न घरोघरीं उभा राहतो, आणि अलीकडे त्याच्या उत्तरांत संख्याशास्त्राचें नांव पूर्वींपेक्षां पुष्कळच अधिक वेळां ऐकूं येतें. एके काळीं हा विषय गणिताचा धाकटा व कांहींसा उपेक्षित भाऊ समजला जाई. 'गणितांत गति नाहीं, तर संख्याशास्त्र घे' असा सल्ला वडीलधारी मंडळी देत. आतां व्यापारापासून वैद्यकापर्यंत सर्वत्र आंकड्यांच्या राशी सांचूं लागल्या, त्या उकलणाऱ्या माणसांस मागणी आली, आणि त्याबरोबर या विषयाचेही दिवस पालटले. पालक महाविद्यालयांत चौकशीस जातात तेव्हां त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'येथें कोणतें सॉफ्टवेअर शिकवितात?' प्रश्न गैर नाहीं. परंतु त्याचा रोख थोडा चुकतो असें आम्हांस वाटतें. कोणतें सॉफ्टवेअर शिकवितात यापेक्षां तें सॉफ्टवेअर काय शिकवितें, हें विचारणें अधिक अगत्याचें आहे. आणि या साधनांची पुढील वाढ ज्यांच्या हातीं आहे त्यांनीं तर हा प्रश्न पदोपदीं स्वतःस विचारावयास हवा.

या साधनांचा इतिहास फार जुना नाहीं. ज्या वाचकांनीं पन्नास-साठ वर्षांपूर्वीं हा विषय घेतला असेल त्यांना 'फॅसिट'चें हातानें फिरवावयाचें आंकडेमोडीचें यंत्र आठवत असेल. दांडा एका दिशेनें फिरविला कीं बेरीज, उलट फिरविला कीं वजाबाकी. आणि वर्गमूळ काढावयाचें म्हणजे चांगली घटकाभराची बेगमी. त्या खडखडाटांत विद्यार्थ्याचा हात दुखून येई, पण प्रत्येक आंकडा एकदां तरी त्याच्या नजरेखालून जाई. पुढें संगणक आले. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७६ सालीं जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनीं 'एस' नांवाची संख्याशास्त्रीय भाषा रचण्यास प्रारंभ केला, आणि तिच्याच वळणावर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन या दोघां अध्यापकांनीं १९९० नंतरच्या वर्षांत 'आर' ही भाषा घडविली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जगास पुरेल असें अवजार करावें हा या दोघांचा मूळ हेतु नव्हता. आपल्या प्रयोगशाळेंत विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठीं त्यांना बरें साधन हवें होतें. १९९५ सालीं त्यांनीं तें सर्वांस विनामूल्य खुलें केलें, २९ फेब्रुवारी २००० रोजीं त्याची पहिली भरंवशाची आवृत्ति निघाली, आणि आज त्याला जोडावयाच्या पूरक संचांची संख्या वीस हजारांच्या पुढें गेली आहे. वर्गासाठीं जन्मलेलें मूल बाजारांत जाऊन कर्तें झालें. आणि कर्त्या मुलाचें होतें तेंच त्याचेंही झालें, घराकडे पाहण्यास त्याला सवड उरली नाहीं.

जर्मन गणितशिक्षणतज्ज्ञ रॉल्फ बीलर यांनीं १९९७ सालींच एका निबंधांत हा भेद मांडून ठेवला होता : संख्याशास्त्र 'करण्याचें' साधन वेगळें आणि संख्याशास्त्र 'शिकण्याचें' साधन वेगळें. जाणत्या माणसास साधनानें मधल्या पायऱ्या झांकून ठेवाव्या असें वाटतें, कारण त्या त्याच्या पायाखालच्या असतात. शिकणाऱ्यास त्याच पायऱ्या उघड्या हव्या असतात. आजचें बहुतेक सॉफ्टवेअर पहिल्याच्या सोयीचें आहे, आणि आपण तें दुसऱ्याच्या हातीं देतों. एक आज्ञा लिहिली कीं पडद्यावर दहा ओळी उमटतात. त्यांतली चौथी ओळ जर्नलांत उतरवावयाची असते एवढें मुलांस ठाऊक असतें. (संगणकानें क्षणांत काढलेलें उत्तर शाईनें वहींत उतरवून काढावयाचें, ही आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांची रीत मोठी मौजेची आहे. फॅसिटचा दांडा गेला, पण हाताचे श्रम कांहीं सुटले नाहींत.)

मग नवशिक्यास नेमकें काय दाखवावयास हवें? याचें उत्तर शोधण्यास ऑकलंडला जाण्याचें कारण नाहीं. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत बुध नांवाचें गांव आहे, तेथवर गेलें तरी पुरे. जगद्विख्यात संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजीं या गांवीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गेले, नेमन व ईगॉन पीअर्सन या त्या काळच्या धुरीणांच्या सहवासांत शिकले, आणि १९३६ सालीं पीएच. डी. झाले, १९३९ सालीं त्यांस डी. एस्सी. ही पदवीही मिळाली. १९४० पासून दिल्लीच्या कृषि-संशोधन परिषदेंत त्यांनीं संख्याशास्त्राचें काम उभारलें, १९५१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें त्यांस आपल्या संख्याशास्त्र-विभागाचे संचालक म्हणून नेलें, आणि १९७१ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. परंतु येथें आम्हांस त्यांच्या मानसन्मानांपेक्षां त्यांच्या एका साध्या प्रयोगाची हकीगत सांगावयाची आहे.

देशांत धान्य किती पिकलें हें ठरविण्यासाठीं सगळीं शेतें कापून मोजणें अशक्य. म्हणून चिठ्ठ्या टाकून कांहीं गांवें निवडावयाचीं, त्या गांवांतील कांहीं शेतें निवडावयाचीं, आणि त्या शेतांत एक तुकडा आंखून तेवढाच कापावयाचा. त्याची मळणी करून दाणे तोलले म्हणजे त्रैराशिकानें एकरीं उत्पन्न निघतें. ही पीककापणीची पद्धत. आतां प्रश्न असा कीं तो तुकडा केवढा असावा? कलकत्त्यास १९३१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे प्रा. महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. लहान तुकडे कापण्यास वेळ व खर्च कमी लागतो, म्हणून ते पुष्कळ ठिकाणीं घेतां येतात. आणि काम शिकलेल्या माणसांच्या हातीं दिलें म्हणजे झालें, अशी ही विचारसरणी. ती अगदींच टाकाऊ होती असें नव्हे. सुखात्म्यांनीं मात्र निरनिराळ्या आकारांचे तुकडे प्रत्यक्ष कापवून पाहिले, आणि तुकडा जसजसा लहान तसतसें एकरीं उत्पन्न अधिक दिसतें असें त्यांना आढळलें. १९४६ सालीं 'नेचर' या विख्यात नियतकालिकांत त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. पीक तेंच, जमीन तीच. वाढ झाली ती केवळ कागदावर.

असें कां व्हावें? कारण शेतांत आहे, सूत्रांत नाहीं. आंखलेल्या रेघेवर जें रोप येतें तें आंत धरावें कीं बाहेर, असा पेंच कापणाऱ्यास पडतो. आणि भरलेलें कणीस डोळ्यांसमोर असतां हात सहसा आंत घेण्याकडेच वळतो. यांत लबाडी नाहीं, मनुष्यस्वभाव आहे. आतां ज्यांना आंकडेमोडीची हौस आहे त्यांनीं पेन्सिल घ्यावी. दोन फूट त्रिज्येचें वर्तुळ आंखलें आणि कापणाऱ्याचा हात सर्व बाजूंनीं केवळ दोन इंच बाहेर गेला, तर त्रिज्या २४ इंचांची २६ इंच होते. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें; २६चा वर्ग ६७६, २४चा वर्ग ५७६; म्हणजे उत्पन्न शेंकडा १७ नें फुगलें. तेच दोन इंच ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद अशा आयतास चारी बाजूंनीं लावले, तर वाढ शेंकडा ३च्या आसपास. आजही आपल्याकडे पीककापणी-प्रयोगांत पुष्कळ पिकांसाठीं १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा आयत घेतात. तो या ३३ बाय साडेसोळा फुटांच्या आयताचा जवळजवळ जुळा भाऊच.

ही चर्चा केवळ पंडितांची आहे असें कोणी समजूं नये. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत शेतकऱ्यास भरपाई मिळावी कीं नाहीं हें ठरविण्याचा एक मुख्य आधार या पीककापणीचाच आहे. मंडळाचें उंबरठा-उत्पन्न हेक्टरीं १० क्विंटल धरलें आहे, प्रत्यक्षांत पिकलें ९ क्विंटल, आणि विम्याची रक्कम हेक्टरीं ३०,००० रुपये आहे अशी कल्पना करा. शेंकडा दहाची तूट, म्हणजे भरपाई ३,००० रुपये. मापांत शेंकडा ३ची वाढ झाली तर उत्पन्न ९.२७ क्विंटल दिसतें आणि भरपाई सुमारें २,२०० रुपयांवर येते. तीच वाढ शेंकडा १७ असती तर उत्पन्न दहाच्या वर गेलें असतें व शेतकऱ्याच्या हातीं एक रुपयाही पडला नसता. दोन इंचांचें मोल एवढें आहे. आणि हें गणित ज्यांच्या शेतांत घडतें त्यांचींच मुलें आज साताऱ्यास व सांगलीस संख्याशास्त्राच्या वर्गांत बसतात.

आतां हेच आंकडे सॉफ्टवेअरला घाला. तें सरासरी काढील, प्रमाण विचलन काढील, चार दशांश स्थळांपर्यंत प्रमाण त्रुटी देईल. शंभर तुकड्यांऐवजीं हजार तुकड्यांचे आंकडे घातले तर ती त्रुटी आणखी लहान होईल, आणि विद्यार्थ्यास वाटेल कीं आपण सत्याच्या अगदीं जवळ आलों. वस्तुतः तो फुगलेल्या आंकड्याच्या जवळ आलेला असतो. नमुन्यामुळें इकडे-तिकडे होणारी चूक नमुना वाढविल्यानें घटते. एकाच बाजूस झुकणारी चूक नमुना कितीही वाढविला तरी जागची हलत नाहीं. हा भेद पुस्तकांत असतो, परीक्षेंतही विचारला जातो. पण डोळ्यांना तो कधीं दिसत नाहीं, कारण सॉफ्टवेअरचें काम सुरू होतें तेंच मुळीं आंकड्यांचा तक्ता तयार झाल्यानंतर. तक्ता होण्यापूर्वीं जें घडलें त्याला तें आंधळें असतें.

म्हणून आमच्या मतें पुढच्या विकासाची दिशा ही, कीं साधनानें आंकडेमोडीच्या शेवटाकडून आंकडे जमविण्याच्या आरंभाकडे यावें. पडद्यावर एक शेत असावें. प्रत्येक रोपाचें वजन संगणकास ठाऊक, विद्यार्थ्यास नव्हे. विद्यार्थ्यानें त्यांत तुकडे आंखावे, रेघेवरच्या रोपांचा निर्णय स्वतः करावा, आणि पन्नास तुकडे कापून झाल्यावर संगणकानें पडदा बाजूस सारून खरें उत्पन्न दाखवावें. लहान वर्तुळ व मोठा आयत या दोहोंचे आलेख शेजारींशेजारीं पाहिले कीं एकाची रास सत्याच्या उजवीकडे कशी सरकली आहे हें दहा वर्षांच्या मुलासही कळेल. असलें कांहीं घडविणें आज अवघड राहिलेलें नाहीं. ऑकलंडचेच प्रा. ख्रिस वाइल्ड यांच्या 'आयएनझाइट' या साधनांत नमुन्यामागून नमुने पडतांना दिसतात. अमेरिकेंतील कॉन्कर्ड संस्थेचें 'कोडॅप' हें साधन विनामूल्य असून त्यांत आंकड्यांचा स्तंभ बोटानें ओढून आलेखाच्या अक्षावर ठेवतां येतो. पाया घातलेला आहे. त्यावर खटावचें शेत उभें करावयाचें आहे, आणि तें कोणी बाहेरचा येऊन उभें करील अशी वाट पाहण्यांत अर्थ नाहीं.

शेतच कशाला? सातारा व सांगली हे दोन जिल्हे म्हणजे संख्याशास्त्राच्या अध्यापकास देवानें दिलेली प्रयोगशाळा आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यांत माणदेशीं दहिवडीकडे तो पांचशेंच्या आसपास. दोहोंची सरासरी पावणेतीन हजारांवर येते, आणि तेवढा पाऊस या दोहोंपैकीं कोणत्याच ठिकाणीं पडत नाहीं! सरासरीवर विसंबणाऱ्या मनुष्यास सावध करण्यास याहून सोपा धडा कोणता? परंतु आपल्या मुलांच्या प्रात्यक्षिकांत आंकडे असतात ते परदेशी मोटारींचे आणि परदेशी फुलांच्या पाकळ्यांचे, कारण सॉफ्टवेअरबरोबर नमुन्यादाखल तेच येतात. त्या फुलांशीं आमचें वैर नाहीं. पण त्या आंकड्यांत कांहीं चुकलें तर तें मुलांस जाणवत नाहीं. दहिवडीस पांच हजार मिलिमीटर असें चुकून छापलें गेलें, तर माणचा मुलगा खुर्चींतून उठेल.

सांगलीकरांस दुसरें उदाहरण सांगावयास नको. आयर्विन पूल १९२९चा. त्याच्यापाशीं कृष्णेची इशारा-पातळी ४० फूट व धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें होतें. वर्षावर्षांच्या कमाल पातळ्यांचा आलेख संगणकाकडून काढून घेतला, तर २०१९सारखें वर्ष इतरांपासून दूरच्या ठिपक्यासारखें उमटूं शकतें. असले दूरचे ठिपके हिशेबांतून वगळण्याची सोय कित्येक साधनांत असते, आणि 'चुकीचा आंकडा' म्हणून विद्यार्थी तो खुशाल वगळतात. पण ज्या घरांच्या माळ्यापर्यंत पाणी चढलें त्यांच्या दृष्टीनें सगळा आलेख तो एक ठिपकाच आहे. २००५, २०१९ व २०२१ असे तीन महापूर सतरा वर्षांच्या आंत पाहिलेल्या गांवांतील मुलास, ठिपका कधीं चूक असतो व कधीं इशारा असतो, हें शिकवितांना सॉफ्टवेअरनें त्याला थांबवून 'हा आंकडा कां वगळतोस?' एवढें तरी विचारावें, आणि त्याचें उत्तर नोंदवून ठेवावें. ही सुधारणा क्षुल्लक दिसते, पण सवयी घडतात त्या अशाच गोष्टींनीं.

भाषेचा प्रश्न याहून किचकट आहे, आणि त्याविषयीं आपल्यांत उगीचच हताशपणा आढळतो. 'मराठींत शब्द कोठें आहेत?' असें विचारणाऱ्यांस आम्ही वाईचा रस्ता दाखवूं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं ज्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, त्याचें काम कृष्णाकांठच्या या गांवींच चाललें; शास्त्रीय परिभाषेचें भांडार तेथें भरलेलें आहे. दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत मध्य, मध्यक व बहुलक हे शब्द आमचीं मुलें बिनदिक्कत वापरतात. मग पदवीच्या वर्गांत आल्यावर त्यांची वाचा कां बंद व्हावी? काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, असा हा प्रकार आहे. इंग्रजी संज्ञा मुलांस यावयाच हव्यात, त्याविषयीं वाद नाहीं. नोकरी त्या भाषेंत आहे. पण चूक झाली असतां संगणक जो खुलासा देतो तो तरी शिकणाऱ्यास समजेल अशा भाषेंत असावा. 'आर'मध्यें असे खुलासे अन्य भाषांत देण्याची व्यवस्था २००५ पासून आहे, व फ्रेंच, जर्मन, जपानी इत्यादि भाषकांनीं तिचा लाभ घेतला आहे. मराठींत तें काम करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. भाषांतर करतांना मात्र विश्वकोशांतील जड शब्द जसाच्या तसा उचलूं नये. 'कंस पुरा करा' म्हटल्यानें भागत असेल तर तेवढेंच म्हणावें.

यंत्राच्या बाजूनें एक अडचण पुष्कळ वर्षें होती. विंडोज-संगणकावर 'आर'ला देवनागरी नांवें दिलीं कीं अक्षरांऐवजीं तो सांकेतिक चिन्हांची माळ उमटवी, आणि 'सातारा' हें नांव वाचण्यास कोष्टक हातीं घ्यावें लागे. एप्रिल २०२२ मध्यें निघालेल्या ४.२.० या आवृत्तीनें ती अडचण बव्हंशीं दूर केली. आलेखांवरील जोडाक्षरें अजून कांहीं मार्गांनीं छापतांना फुटतात. तेवढें काम शिल्लक आहे. दुसरी मोठी सोय २०२३ पासून झाली आहे. 'वेबआर' नांवाच्या योजनेमुळें सबंध 'आर' ब्राउझरच्या आंतच चालतो. संगणकावर कांहीं बसवावें लागत नाहीं, दूरच्या सर्व्हरवर आंकडे पाठवावे लागत नाहींत. ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत तीस मुलांमागें दहा संगणक असतात, आणि त्यांतले दोन नेहमीं दुरुस्तीस गेलेले असतात, तेथें या गोष्टीचें महत्त्व काय तें सांगावयास नको. मुलांजवळ फोन आहेत. जें साधन एकदां उतरवून घेतल्यावर एस. टी.च्या प्रवासांत, संपर्क तुटलेला असतांही, त्या फोनवर चालेल, तेंच पाटणच्या डोंगरांत व जतच्या माळावर पोहोंचेल. नव्या योजना आंखणाऱ्यांनीं मोठ्या शहरांतील झगझगीत प्रयोगशाळा डोळ्यांपुढें ठेवण्यापेक्षां हा फोन ठेवावा.

हीं कामें करणार कोण, असा प्रश्न येईल. महाराष्ट्रांत या वाटेनें चाललेलीं माणसें आहेत. पुणें विद्यापीठांतील प्रा. गोरे, परांजपे व कुलकर्णी या तिघांनीं अध्यापनासाठीं आंकड्यांचे शंभर संच जमविले. पुढें ते 'आर'च्या एका पूरक संचाच्या रूपानें जगास खुले झाले, आणि त्या संचाचें 'जीपीके' हें नांव या तिघांच्या आद्याक्षरांवरूनच पडलें. सुधा पुरोहित, शरद गोरे व शैलजा देशमुख यांचें 'आर'वरील पाठ्यपुस्तक २००८ सालीं निघालें. मुंबईच्या आय. आय. टी.मधील 'फॉसी' प्रकल्प विनामूल्य साधनांचा प्रसार करतो व पाठ्यपुस्तकांतील उदाहरणें विद्यार्थ्यांकडून 'आर'मध्यें सोडवून घेतो. तेथेंच उगम पावलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. सांगलीचें विलिंग्डन महाविद्यालय १९१९चें, साताऱ्याचें छत्रपति शिवाजी महाविद्यालय १९४७चें. शिकविण्याची परंपरा या भागास नवी नाहीं. उणीव आहे ती या सर्वांनीं एका कामास हात लावण्याची, आणि अध्यापकास त्यासाठीं तासांतून मोकळीक मिळण्याची. दिवसाचे पांच तास घेऊन व जर्नलांचे ढीग तपासून झाल्यावर कोणी सॉफ्टवेअर घडवील अशी अपेक्षा धरणें हा त्या अध्यापकाचा उपहास आहे.

कोणी म्हणेल, 'आतां कृत्रिम बुद्धि आली. आज्ञासुद्धां तीच लिहून देते. मग शिकविण्याचें सॉफ्टवेअर हवें कशाला?' आक्षेप वजनदार आहे, पण तो आमच्याच बाजूस पडतो. आज्ञा लिहिण्याचें काम यंत्रानें घेतलें, आंकडेमोड तर त्यानें पूर्वींच घेतली होती. आतां माणसाकडे उरलें तें काय मोजावें, कोठें मोजावें, आणि मोजणाऱ्याचा हात कोणीकडे झुकतो हें ओळखण्याचें. परीक्षेंत मात्र गुण आहेत ते सूत्रास व उत्तरास. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनीं निदान एक प्रात्यक्षिक असें ठेवावें कीं ज्याचे आंकडे विद्यार्थ्यानें स्वतः बाहेर जाऊन आणले पाहिजेत, आणि ते कसे आणले याचा जबाब दिला पाहिजे. सॉफ्टवेअरनेंही त्या जबाबासाठीं, प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर, रिकामी जागा सोडावी : कोणीं मोजलें, केव्हां मोजलें, काय सुटलें.

यंदा आरंभ करावयाचा तर फारसें साहित्यही लागत नाहीं. माघ-फाल्गुनांत माण-खटावांत रब्बीची ज्वारी काढणीस येते. चार खुंट्या, तीस-पस्तीस मीटर दोरी, एक फीत, एक तराजू आणि शेतमालकाची संमति एवढ्यावर दहा मुलांची टोळी दिवसभरांत एका शेतांत एक मोठा आयत व आठ-दहा लहान वर्तुळें कापूं शकेल. रेघेवर आलेलीं ताटें किती, त्यांतलीं आंत घेतलीं किती, हें एका मुलानें निराळें टिपून ठेवावें. संध्याकाळीं ते आंकडे फोनवर भरावे व दुसऱ्या दिवशीं वर्गांत मांडावे. आणि ज्यांना तें पडद्यावरचें शेत घडवावयाचें असेल त्यांना पहिली खरी सामग्री तेथें मिळेल.